वाढली म्हन

खरं बोलल्याबद्दलची पहिली चापट मला घरातच बसली. सहा-सात वर्षांची असेन. माय चुलीपुढं भाकरी थापत होती. परातीच्या काठावर तिचा हात आदळला आणि एक हिरवी बांगडी तडकून तिचे दोन तुकडे पिठात पडले. मी ओरडले, "माय, बांगडी फुटली!" पिठाचाच हात गालावर आला.

"फुटली म्हनू न्हाई. वाढली म्हन."

"अगं पन फुटली की. हे बघ, दोन तुकडे."

"एकाचे दोन झाले ना? मंग वाढलीच की!"

तेव्हा मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. पण पुढं जे सांगणार आहे ते सगळं या शब्दाभोवती फिरतं, म्हणून तो आधी मांडून ठेवते. आमच्याकडं दिवा विझवत नाहीत, वाढवतात. संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जे फुटतं, विझतं, मिटतं ते सगळं आपल्या भाषेत वाढतं. तोंडानं अशुभ बोलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग खरंच वाढलेल्याला काय म्हणायचं, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

मी मोठी झाले ती या शब्दावर राग धरूनच. कॉलेजात असताना ऊसतोड कामगारांच्या संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. तिथला पहिला धडा असा, की विशेषण नंतर, आधी क्रियापद. कोणी, कोणाचं, काय केलं? 'गैरसोय होत आहे' असं लिहिलेलं पत्रक आमच्या सरचिटणीस बाई समोरच टराटरा फाडायच्या. "पाणी दिलं नाही, असं लिही. गैरसोय आपोआप कुणाची होत नसती." मला वाटलं, फुटलीला फुटली म्हणणारी माणसं सापडली एकदाची.

मग मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली.

कंपनी केजला होती, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. मालक पुण्याचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. काम असं, की ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्या मुकादमांनी आपापली टोळी मोबाईलवर नोंदवायची आणि साखर कारखान्यांनी तिथं बघून कोणती टोळी घ्यायची ते ठरवायचं. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण सुरुवातीला मी तिच्याविरुद्धच पत्रक काढलं होतं. 'मोबाईलमध्ये नोंद झाली, फडात सावली कधी?' असा मथळा होता. ते सरांच्या हाती पडलं आणि त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमची टीका लोकांना कळते," ते म्हणाले. "म्हणजे तुमचं कौतुकही कळेल."

इथंच मी उठून जायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, आत राहून बदल घडवू. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा काढलं त्याचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर मला कळवा.

आता मायचं सांगते, कारण या सगळ्यात पणाला लागलेलं जे होतं ते तिचं होतं. माझे मायबाप शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावातून दर साली ऊस तोडायला जातात. तोडीच्या भाषेत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. एकटा माणूस 'अर्धा कोयता', आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. गेले तर दोघं, राहिले तर दोघं. मायचे गुडघे दोन हंगामांपासून कुरकुरत होते. मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना डावा, उतरताना उजवा. मला नोकरीत दुसरं वर्ष लागलं तसं मी घरी जाहीर केलं, "या साली जायाचं न्हाई. माझ्या पगारावर भागतंय."

मायनं एवढंच विचारलं, "हापिस टिकंल का?"

"टिकंल की. वाढच चाललीय."

दुसऱ्या दिवशी ती शिरूरला गेली आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत भरून आली. हिरव्या काचेच्या, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या. आमच्या तालुक्याच्या नावातच कासार आहे, पण मायनं एवढ्या बांगड्या लग्नानंतर पहिल्यांदाच भरल्या. उसाच्या फडात काच टिकत नाही. मोळी बांधताना जाते, पाचट ओढताना जाते. हंगामाला निघताना ती हातात एकेकच काचेची ठेवायची, बाकी प्लास्टिकच्या. आता ती भांडी घासताना मुद्दाम जोरात हात चालवायला लागली. किणकिण ऐकून शेजारणींना कळायचं, ही या साली घरी हाय.

मुकादम आमचे लांबचे मामा लागतात. त्यांनी घटस्थापनेपर्यंतची मुदत दिली. "तवर तुमचा कोयता लिव्हीत न्हाई अन् खोडीतबी न्हाई. मंग मातर दुसरी जोडी घेईन, नाव ठेवायचं न्हाई." म्हणजे प्रश्न एवढाच होता, की दिवाळीनंतर माझं ऑफिस उघडं असणार की बंद? एका बाईचे दोन गुडघे त्या उत्तरावर उभे होते.

आणि याच सुमारास कंपनीची वाढ थांबली.

थांबली, असं कुणी म्हणालं नाही. पहिल्या वर्षी मुकादमांनी भराभर नोंदी केल्या होत्या, कारण प्रत्येक नोंदीमागं आम्ही एक टोपी देत होतो. पांढरी, पुढं कंपनीचं चिन्ह. एका मुकादमानं दोनदा नोंद केली, कारण घरी मेहुणा आलेला. एकानं एवढ्या टोप्या नेल्या की त्याच्या पोराच्या साखरपुड्यात अख्खी पंगत एका टोपीत बसली. मग टोप्या संपल्या, तशा नोंदीही संपल्या. हे आतून माहीत होतं ते आमच्या कोडवाल्याला. हा केजचाच, बसस्टँडजवळच्या मोटारसायकल मेकॅनिकचा मुलगा. कंपनीचं सगळं ॲप त्याच्या हातचं.

"ताई, हे लोक ॲप उघडतच न्हाईत," तो एक दिवस म्हणाला. "टोपी घालून गेले ते गेलेच."

"त्यांनी टोपी घातली का आपण घातली?"

"आपण मुकादमाला घातली, सरांनी पैसे लावनाऱ्या पुण्यावाल्यांला घातली. अब्बा म्हंतेत, इंजन बंद पडलं तरी उतारावर गाडी पळतीच. बघनाऱ्याला वाटतं, काय ॲव्हरेज देती बे गाडी!"

सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. दर तीन महिन्यांनी आढावा बैठक व्हायची, आणि मी शब्दांकडं लक्ष ठेवून असायचे. पहिल्या बैठकीला 'जोमदार वाढ' होती. पुढच्या वेळी 'निरोगी वाढ'. मग 'संयत वाढ'. मग 'परिपक्व वाढ', हे ऐकून मला पिकून गळायला आलेलं सीताफळ डोळ्यांपुढं आलं. आणि ज्या तीन महिन्यांत माणसं सरळसरळ कमी झाली, तेव्हा सर म्हणाले, "या वेळी आपण उणे वाढ साधली."

मी हात वर केला. "सर, उणे वाढ म्हणजे घट."

"मॅडम, दिशा बदलली म्हणून वाढीला वाढ म्हणायचं नाही का?"

त्यानंतरच्या सोमवारी निरोप आला, आजपासून एक कोयता म्हणजे दोन सदस्य धरावेत. तोपर्यंत आम्ही कोयता एकच मोजत होतो, कारण फोन एकच असायचा. चहा पिऊन होईपर्यंत कंपनी दुप्पट झाली. केक आणला. मी म्हणाले, मग मागच्या वर्षीचेही दुप्पट करा, तरच तुलना होईल. सर म्हणाले, मागचं उकरून काढणं ही आपली संस्कृती नाही. केक खाताना मला पिठातले दोन तुकडे आठवत होते. एकाचे दोन झाले ना? मंग वाढलीच की.

बैलांचं त्याच्या पुढच्या महिन्यात झालं. काही टोळ्या बैलगाडी घेऊन जातात, म्हणून ॲपमध्ये बैलांचा रकाना होता. तेही सदस्य झाले.

"सर, बैल ॲप वापरत नाहीत," मी म्हणाले.

"मुकादम तरी कुठं वापरत्यात?" कोडवाला मागून पुटपुटला.

"ते आपल्या व्यासपीठावर आहेत की नाहीत?" सर म्हणाले. "मग झालं."

आणि त्या आठवड्यात 'आमचा परिवार आता दुपटीहून मोठा!' हे पत्रक कुणी लिहिलं? मी लिहिलं. त्या वाक्यात क्रियापद नाही, बघा. सरचिटणीस बाईंनी टराटरा फाडलं असतं.

बाकीची लक्षणं तर शेंबड्या पोरालाही कळावीत अशी होती. पाण्याचा जार यायचा बंद झाला, तर 'आपण स्थानिक पाण्याशी नाळ जोडतोय'. खिडकीजवळच्या खुर्च्या गेल्या, तर 'उभं राहून विचार मोकळे होतात'. आठ जणांचे चार झालो, तर 'आता आपण खरे एका ताटात जेवणारे'. शेवटी पितरपाट लागला, घटस्थापना तोंडावर आली, आणि मी सरांना त्यांच्या केबिनमध्ये गाठलं.

"सर, एकच प्रश्न. दिवाळीनंतर हे ऑफिस चालू असेल की बंद?"

"फार चांगला प्रश्न आहे."

"उत्तर?"

"असे प्रश्न विचारणारी माणसं हीच कंपनीची ताकद."

"सर, हो की नाही?"

"मॅडम, आपण हो-नाहीच्या फार पुढं आलोय."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. मायचे गुडघे, बांगड्या, मुकादमाची मुदत. म्हणाले, बंद होणार असेल तर तसं सांगा, मी कुणाला बोलणार नाही, पण एका बाईला ठरवायचंय. सर खरोखर ऐकत होते. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं त्यांच्या. रुमाल काढला, डोळे टिपले, आणि म्हणाले, "त्यांना बैठकीला आणाल का? पैसे लावणारे पुण्याहून व्हिडिओवर असणार आहेत. त्यांनी अजून खरा वापरकर्ता बघितलाच नाही."

मी आणलं. माझं गणित असं, की मायच्या तोंडावर हा माणूस काही खोटं बोलू शकणार नाही. एवढं तरी मला बरोबर कळलं होतं. तो खोटं बोललाच नाही.

बैठक सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी होती. माय आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, पहाटेच्या जीपनं बीड, तिथून एसटीनं मांजरसुंबा करत केजला आले. अण्णांनी धोतरावर धुतलेला सदरा आणि डोक्यावर कंपनीची टोपी घातलेली. मुकादमानं दिली म्हणे. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी अण्णांना पहिल्या रांगेत बसवलं. पहिली रांग म्हणजे दोनच खुर्च्या. दुसरी रांग उभी होती.

नेट अडखळत होतं, म्हणून फोन एका डब्यावर उभा करून त्याचा कॅमेरा भिंतीकडं धरला होता. पुण्याच्या लोकांनी भिंतच बघायची. प्रोजेक्टर सुरू झाला आणि भिंतीवर वाढीची रेघ उमटली. कोयते दुप्पट करून आणि बैल धरूनसुद्धा ती सरळ आडवी होती. दुपारी झोपलेल्या माणसासारखी. सरांनी कोडवाल्याकडं बघितलं.

"जरा नीट करा की."

"काय नीट करू सर?"

"प्रोजेक्टर कललाय बहुतेक."

कोडवाल्यानं इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातला माझ्या पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि प्रोजेक्टरच्या एका बाजूखाली सरकवला. रेघ उजवीकडं वर चढली. माझ्या पत्रकांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी वर उचललं. चित्राची चौकटही तिरपी झाली होती, पण चौकटीकडं कोण बघतं? फोनमधून टाळ्या आल्या.

अण्णा माझ्या कानाशी लागले. "पोरी, भिंत कलली का गं?"

"न्हाई अण्णा. वाढ हाय ती."

आणि मग सरांनी घसा साफ केला. "मला जाहीर करायला अतिशय आनंद होतो, की दसऱ्यापासून आपण केजचं ऑफिस वाढवणार आहोत!"

मला खरंच वाटलं, सुटलो. मी हसून मायकडं बघितलं. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताच्या बांगड्या घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून.

"वाढवनार?" तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"हो मावशी!"

"कावून वो सायेब? एवढं वाईट चाललंय?"

कोडवाल्याला खोकला सुटला. फोनमध्ये कुणीतरी विचारलं, काय म्हणाल्या त्या? सर हसले. "मावशी, वाढवणार म्हणजे मोठं करणार."

"पितरपाटात?" माय म्हणाली. "पितरपाटात कोन मोठं कराया घेतं? साधी चप्पल घेत न्हाई कोनी." मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "तसं न्हाई वो, मला एक सांगा. दिवाळीच्या म्होरं हितं कुलूप का उघडं?"

"मावशी," सर म्हणाले, "आपण कुलपाच्या पलीकडचा विचार करतोय."

"बरं," माय म्हणाली. सरांना वाटलं, समाधान झालं.

परतीच्या वाटेवर मी त्यांच्याबरोबर मांजरसुंब्यापर्यंत गेले. बीडची गाडी यायला वेळ होता, म्हणून धाब्यावर चहा घेतला. अण्णांनी बशीत ओतला, फुंकर मारली. मायनं फोन काढला आणि माझ्या देखत मुकादमाला लावला.

"भाऊ, आमचा कोयता लिव्ह."

माझा चहा सांडला. "माय! अगं मोठं करनार म्हनले ना ते? त्यांची भाषा पुस्तकी हाय. वाढवनार म्हंजी विस्तार!"

"तुला पटलं का त्याचं बोलनं?"

"पटायचा काय संबंध? सगळ्यांसमोर जाहीर केलंय त्यांनी."

"तू सरळ इचारलं तवा हो म्हनला?"

"न्हाई."

"न्हाई म्हनला?"

"न्हाई."

"मंग काय म्हनला?"

"चांगला प्रश्न हाय म्हनले."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "उभी हयात मुकादमांसंगं काढली मी. जो मुकादम सरळ इचारल्यावर गोड बोलतो, त्याची टोळी निम्म्यातच फुटती बघ."

"फुटती म्हनू नका," माय म्हणाली.

"बरं, वाढती."

मला इतका संताप आला की आजूबाजूचे ट्रकवाले बघायला लागले. एका शब्दावरून निर्णय घेता? अंधश्रद्धा आहे ही! आकडे बघा, जाहीरनामा बघा! मी बोलत होते आणि माझंच मला ऐकू येत होतं, की मी सरांच्या बाजूनं भाषण करतेय. पत्रकं लिहिताना मी असल्या माणसांना दलाल म्हणायचे.

"अन् गुडघ्यांचं काय?" मी शेवटी विचारलं.

"गुडघं माझं हायत," माय म्हणाली. "तू हापिसाचं बघ."

मी हापिसाचं बघितलं. रात्रभर धुमसून सकाळी पत्रक लिहिलं. ऑफिसच्या जिन्याला चौदा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर एक कागद, एकेका शब्दाचा. दिवाळीनंतर. ऑफिस. उघडं. की. बंद. हो. किंवा. नाही. एवढंच. सांगा. शब्द संपले तरी वर पायऱ्या उरल्या, तिथं प्रश्नचिन्हं चिकटवली. खालच्या दुकानात फॅनबेल्ट घ्यायला आलेले लोक वाचत वाचत वर यायचे आणि प्रश्नचिन्हांपाशी थांबून परत जायचे. सरांचा निरोप आला. 'मांडणी उत्तम. रंग थोडे उजळ चालतील.' महिन्याच्या वार्तापत्रात जिन्याचा फोटो छापला, खाली ओळ होती, 'आमच्याकडं संवाद पायरीपायरीनं वाढतो.'

दसऱ्याला ऑफिस खरंच मोठं झालं. दोन खोल्यांमधली प्लायवूडची भिंत काढली. टेबलं आधीच गेली होती. उरलेल्या चौघांपैकी दोघांना घरून काम करायला सांगितलं होतं, आणि त्यांच्या घरी रेंज नव्हती. आपट्याची पानं वाटून झाली. सर हॉलच्या मधोमध उभे राहिले, हात पसरले आणि म्हणाले, "बघा, जागा दुप्पट!" आवाज घुमला. मग नारळ माझ्या हातात दिला. "मॅडम, तुम्हीच वाढवा."

मी वाढवला. सरळ दोन भकलं झाली.

तरी संध्याकाळी मी घरी फोन केला. आशा म्हणजे काय, माणसाला शरम नसते. "माय, खरंच मोठं केलंय गं. मामाला सांग, न्हाई येत म्हनून."

"आत किती मानसं हायत?"

"सध्या मी अन् कोडवाला."

"खुर्च्या?"

"दोन."

"मंग मोठंच दिसनार की बाई," माय म्हणाली.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी टोळी निघायची होती, मी घरीच होते. माय ओसरीवर साबणाचं पाणी घेऊन बसली आणि एकेक बांगडी उतरवायला लागली. काढायच्या तर घाई करायची नाही, हात आवळून, अंगठा आत घेऊन, हळू. मी मदतीला बसले. एकही तडकली नाही. दोन्ही हातांत एकेक ठेवली. बाकीच्या ठेवायला काहीतरी शोधत होतो, तर अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून पुढं केली. कंपनीची टोपी बांगड्यांनी बरोबर भरली. ती मी फडताळात ठेवली.

"आल्यावर घालीन," माय म्हणाली. मग ट्रकच्या फळीला हात घातला. चढताना डावा गुडघा, हे मी आधी सांगितलंय.

मी केजला परतले तो सोमवार होता. जिन्याच्या तळाशी कोडवाला पायरीवर बसलेला, 'दिवाळीनंतर' या शब्दावर. वर दाराला कुलूप. पाटी काढल्याची चार भोकं भिंतीत. स्पेअर पार्टवाले काका गिऱ्हाइकाला नट-बोल्ट मोजून देत होते. आम्हाला बघून सहज म्हणाले, "तुमच्या सायबानं परवाच दुकान वाढवलं की. तुमाला बोलले न्हाईत?"

कोडवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "बोलले होते ना ताई," तो म्हणाला. "माइकवर बोलले होते."

सरांचा निरोप दुपारी आला. त्यात 'नवा टप्पा' होता, 'कृतज्ञता' होती, 'प्रवास' तर दोनदा होता. बंद हा शब्द नव्हता. मी तो तीनदा वाचला, क्रियापद शोधत. हे मला आजही गिळवत नाही. मी शिकलेली, शब्दांवर पहारा देणारी, मी ते वाक्य समोर उभं राहून ऐकलं आणि आनंदानं हसले. माय बिनशिकलेली, तिनं त्याच वाक्यात कुलूप बघितलं. आणि तिनं तेव्हा माझं ऐकलं असतं, तर आज मुकादमाकडं दुसरी जोडी असती, आणि आमच्या घरात किणकिण करणारे दोन रिकामे हात.

संध्याकाळी मायला फोन लावला. तिकडं फडात गलका होता, गाडी भरायला लागली होती, कुणीतरी बैलांना शिव्या देत होतं. सदस्यांना.

"काय गं?" माय ओरडून म्हणाली.

"माय, हापिस," मी म्हणाले. 'बंद पडलं' जिभेवर आलं होतं. ज्या शब्दासाठी मी एवढं भांडले होते, तो. पण पलीकडं ती मोळी डोक्यावर घेऊन उभी असणार, आणि तिन्हीसांजेची वेळ.

"हापिस वाढलं," मी म्हणाले.

"बरं," माय म्हणाली. "जेवलीस का?"

"जेवते. तुझं गुडघं कसं हायत?"

"तेबी वाढल्यात की!" ती म्हणाली, आणि इतकी हसायला लागली, की मागून अण्णा विचारत होते, काय झालं, काय झालं.